अल्कोहोल नसलेली झेक्ट: चाखायची कशी, पाहुण्यांपुढे ठेवायची कशी?

ऱ्हाइनकाठ
जानेवारीत नवऱ्याची पन्नाशी आहे. फ्रँकफुर्टजवळच्या आमच्या गावात एक छोटा हॉल घेतलाय. चाळीसेक माणसं येतील, निम्मी मराठी मंडळातली, निम्मी त्याच्या ऑफिसातली जर्मन. इथे कुठल्याही समारंभाची सुरुवात दारातच होते, हातात झेक्टचा पेला देऊन. (झेक्ट म्हणजे जर्मनीची फसफसणारी वाईन.) मग यजमान चार शब्द बोलतात, सगळे पेले उंचावतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघून 'प्रोस्ट' म्हणतात.

आमच्याकडच्या बऱ्याच जणांना अल्कोहोल चालत नाही. कुणी माळकरी आहे, कुणी गाडी चालवणार आहे, एकीला सातवा महिना आहे. अशांना आतापर्यंत सगळीकडे कोपऱ्यातला संत्र्याचा रस मिळत आलाय, तोही कागदी कपात. ते मला माझ्या घरच्या कार्यात नकोय. म्हणून स्वागताचं पेय सरसकट अल्कोहोल नसलेली झेक्टच ठेवायचं ठरवलंय. सगळ्यांच्या हातात एकच पेला.

पण चांगली बाटली ओळखायची कशी? पेला कोणता, थंड किती करायची, सोबत कोथिंबीर वडी आणि बटाटेवडे चालतील का, बाटल्या किती लागतील? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहा, प्लीज.

चकलीवाला
बटाटेवडे आहेत म्हणता, तर सल्ला प्रत्यक्ष येऊनच देतो. :)

रसायनी
छान विषय. आधी ही बाटली तयार कशी होते ते सांगतो, म्हणजे निवडताना कशाकडे बघायचं ते आपोआप कळेल.

द्राक्षाचा नुसता रस आणि अल्कोहोल काढलेली वाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात आधी खरीखुरी वाईन बनते आणि मग तिच्यातलं अल्कोहोल काढतात. साध्या दाबाला अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. तेवढं तापवलं तर वाईनची मुरंब्यासारखी चव होईल. म्हणून दाब खूप कमी करतात, की ते सुमारे ३० अंशांनाच निघून जातं. ही युक्ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तुमच्याच शेजारच्या र्‍यूडेसहाइममध्ये कार्ल युंग यांनी पेटंट करून घेतली. (मानसशास्त्रज्ञ युंग वेगळे, हे वाईनवाल्या घरातले.) आता फिरत्या शंकूंचे उंच स्तंभ असतात. त्यांत वास देणारे हलके घटक आधी वेगळे काढून ठेवतात, मग अल्कोहोल काढतात, आणि शेवटी वास परत मिसळतात.

खऱ्या झेक्टमध्ये बुडबुडे येतात ते दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे. इथे तो मार्ग बंद, कारण पुन्हा आंबवलं की पुन्हा अल्कोहोल तयार होणार. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेरून दाबाखाली भरावा लागतो.

आणि अल्कोहोल गेलं की नशेबरोबर बाकीही बरंच जातं. घशाला लागणारी ऊब जाते, तोंडात जाणवणारा भरीवपणा जातो, वास नाकापर्यंत नेणारं वाहन जातं. मागे राहतो तो आंबटपणा, उघडा पडलेला. तो झाकायला कारखाने साखर घालतात. लाल वाईनचे यात सर्वात जास्त हाल होतात, कारण तिचा तुरटपणाही उघडा पडतो. फसफसणारी सर्वात कमी बिघडते, कारण अल्कोहोलचा चटका गेला तरी बुडबुड्यांचा चटका तिथे असतोच. तुम्ही निवडलेला प्रकार अगदी योग्य आहे.

निवृत्त_डोंबिवली
माहिती उत्तम. पण मूळ प्रश्न विचारतो. पन्हं आहे, सोलकढी आहे, कोकम सरबत आहे. आपल्याकडे स्वागताची पेयं काय कमी आहेत? मद्याची प्रतिकृती करून मिरवायची गरज काय?

ऱ्हाइनकाठ
काका, जेवताना सोलकढी आहेच, आणि त्या जर्मन मंडळींना ती मी आग्रहाने पाजणार आहे. पण इथे सुरुवातीचा तो एक क्षण सगळ्यांनी मिळून करायचा असतो. त्यांची रीत त्यांना सोडायला लावायची नाही आणि आपल्यातल्या कुणाला बाजूला उभं करायचं नाही, दोन्ही मला साधायचंय.

मीरा_म्युनिक
ऱ्हाइनकाठ, +१. इथल्या दुकानांत हेंकेल, रोटकेप्खेन, फ्रेशेनेट अशा सगळ्यांच्या अल्कोहोल नसलेल्या बाटल्या सहज मिळतात. तुझ्या जवळच्या वीसबाडेनलाच हेंकेलचं घर आहे. पण नावापेक्षा मागची चिठ्ठी वाच.

एक, 'अल्कोहोल काढलेली वाईन' असं लिहिलंय की 'द्राक्षरसाचं पेय' ते बघ. दोन्ही बाटल्या सारख्याच नटलेल्या असतात, तारेची जाळी, सोनेरी कागद, सगळं सारखं. दोन, १०० मिलीला साखर किती. खऱ्या 'ब्रूट', म्हणजे कोरड्या (गोडी कमी असलेल्या) झेक्टमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, म्हणजे १०० मिलीला १.२ ग्रॅमच्या आत. बिनअल्कोहोलच्या अनेक बाटल्यांवर ४ ते ६ ग्रॅम दिसतात. कोलापेक्षा हे निम्मं आहे, तरी झेक्टच्या मानाने खूप गोड. मी ४ च्या आतलीच उचलते. तीन, द्राक्ष कोणतं. रीसलिंग असेल तर माझं मत तिला. मुळात आंबट आणि वासाचं द्राक्ष, एवढी उठाठेव सोसूनही त्याचं काहीतरी शिल्लक राहतं.

'अल्कोहोल नसलेली शॅम्पेन' असं कुणी विकत असेल तर घेऊ नकोस. युरोपातल्या नियमांप्रमाणे अल्कोहोल पूर्ण काढलेल्या पेयाला शॅम्पेन हे नाव लावताच येत नाही.

अवांतर: जर्मनीत झेक्टवर वेगळा कर आहे. १९०२ साली कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) आरमारासाठी पैसा उभा करायला तो लावला. आरमार कधीच बुडालं, मधली काही वर्षं करही नव्हता, पण आजही पाऊण लिटरच्या बाटलीमागे १ युरो २ सेंट द्यावे लागतात. बिनअल्कोहोलवाली त्यातून सुटते. तरी ती फारशी स्वस्त का नसते, तर अल्कोहोल काढायची यंत्रं आणि वीज महाग म्हणून.

ओपीडी
सातव्या महिन्याचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. 'अल्कोहोल नसलेली' असं लिहायला जर्मनीत ०.५ टक्क्यापर्यंत मुभा आहे. भारतातही अन्नसुरक्षेच्या नियमांत मद्याची रेषा ०.५ टक्क्यावरच आहे. एवढं अल्कोहोल पिकलेल्या केळ्यात, पावात, फळांच्या रसातही थोड्याफार प्रमाणात सापडतं, आणि त्याने कुणाला चढत नाही. पण गरोदर बाई, लहान मुलं, आणि दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी घेणारे, यांच्यासाठी चिठ्ठीवर ०.० लिहिलेलीच बाटली घ्या. त्या गोळीवर अगदी थोडं अल्कोहोलही त्रास देऊ शकतं. तशीही तुम्ही एकच पेय ठेवणार आहात, तर सगळ्यांसाठी ०.० च आणा. प्रश्नच मिटला.

नवी_सकाळ
ओपीडी यांनी गोळीचा विषय काढला म्हणून लिहितो. एरवी मी फक्त वाचतो.

मी दारू सोडलेला माणूस आहे. ऱ्हाइनकाठताई, तुमचा हेतू फार चांगला आहे, पण माझ्यासारख्याच्या हातात तो पेला देऊ नका. अल्कोहोल शून्य असलं तरी बूच उडाल्याचा आवाज, तो पेला, तो वास, सगळं जुन्या रस्त्याकडे बोट दाखवतं. सगळ्यांना असं होत नाही. माझ्या गटातले काहीजण बिनअल्कोहोलची बिअर आनंदाने पितात. मला ते जमत नाही, आणि मी जमवून बघणारही नाही. तुमच्या चाळिसात असा कुणी असेल आणि तो तुम्हाला सांगणार नाही, हेही शक्य आहे. म्हणून शेजारी दिसायला तितकंच सुंदर पण अगदी वेगळ्या चवीचं काहीतरी ठेवा, आणि 'अहो, यात काही नाही, घ्या हो' असा आग्रह कुणी करू नका, एवढीच विनंती.

ऱ्हाइनकाठ
नवी_सकाळ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याचा विचार मी केलाच नसता. दुसरं पेय ठेवते, त्याच टेबलावर, तसंच सजवून. आणि आग्रह न करण्याचं दोन्ही घरच्या मंडळींना आधीच सांगते, कारण आग्रह आपल्या रक्तात आहे.

निवृत्त_डोंबिवली
नवी_सकाळ, शाबास. ते दुसरं पेय म्हणजे कोकम सरबत, माझं मत परत नोंदवतो.

द्राक्षबाग
मी दिंडोरीकडचा, घरची वाईनच्या द्राक्षांची बाग आहे. मीराताईंच्या आंबटपणाच्या मुद्द्यात भर घालतो.

फसफसणाऱ्या वाईनसाठी द्राक्ष लवकर खुडतात, साखर कमी आणि आंबट जास्त असताना. आमच्याकडे छाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोडणी जानेवारी ते मार्च. ऊन चढलं की मण्यातला आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षासारखा माल आम्ही रात्री किंवा पहाटे तोडून सकाळच्या आत वायनरीत पोचवतो. नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन बनू लागली, नंतर आमच्या दिंडोरीत शांदों ही फ्रेंच वाईन कंपनी आली. सगळीकडे पहिली चौकशी आंबटपणाचीच असते.

अल्कोहोल काढल्यावर लपायला जागा उरत नाही. मूळ वाईन आंबट, ताजी असेल तर ती तशी राहते. मूळची पिचपिचीत असेल तर साखरेचं पाणी हाती येतं. चाखताना गोडी किती हे नंतर बघा, घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं का ते आधी बघा. सुटलं तर बाटली घ्या.

बे_एरियातला_बाळ
इकडे अमेरिकेत हा प्रश्न सफरचंदाने सोडवलाय. थँक्सगिव्हिंगला आणि ३१ डिसेंबरला प्रत्येक घरात मार्टिनेलीची फसफसणारी सायडर असते, नुसता सफरचंदाचा रस आणि बुडबुडे. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविलची ही कंपनी १८६८ पासूनची आहे, आणि सुरुवात त्यांनी अल्कोहोल असलेल्या सायडरनेच केली होती. पुढच्याच वर्षी, १८६९ ला, न्यू जर्सीत वेल्च नावाच्या दंतवैद्याने पाश्चरची पद्धत वापरून द्राक्षरस आंबू न देता बाटलीत टिकवला. कशासाठी, तर चर्चमध्ये वाईनऐवजी देता यावा म्हणून. सगळ्यांनी एकाच पेल्यात सहभागी व्हावं, हा धागाकर्तीचा विचार तेव्हाही कुणाच्या तरी मनात होताच.

आमची पोरं बाराच्या ठोक्याला तीच सायडर उंच पेल्यातून पितात आणि भलतीच खूश असतात.

आईपण
बाळ, मला हे पटत नाही. जर्मनीतही मुलांसाठी रॉबी बबल वगैरे रंगीत बाटल्या मिळतात, अगदी झेक्टसारख्या दिसणाऱ्या. सात वर्षांच्या मुलाला आपण शिकवतो काय, की आनंद साजरा करायला हे असं लागतं? मी माझ्या मुलांना नाही देत.

बे_एरियातला_बाळ
आईपण, मी उलट बघतो. आनंद साजरा करायला अल्कोहोल लागत नाही, हे त्यांना याच्यातून कळतं. वाढदिवसाला केक कापतोच ना आपण.

आईपण
केक मोठेपणी व्यसन होऊन मागे लागत नाही. असो, प्रत्येक घराचा निर्णय. ऱ्हाइनकाठ, मुलांना पेला देण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारशील, एवढं मात्र कर.

पेला_अर्धा_भरलेला
हॉटेलमध्ये काम करतो, म्हणून वाढण्याबद्दल मी बोलतो.

तापमान ६ ते ८ अंश. साध्या झेक्टपेक्षा इथे ते जास्त कटाक्षाने पाळा. थंडपणात गोडी कमी जाणवते आणि वायू पाण्यात जास्त विरघळून राहतो. कोमट झाली की साखर वर येते आणि बुडबुडे पळतात. फ्रिजमध्ये निदान चार तास. हॉलवर बादली ठेवा, अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवेच्या फटी राहतात, पाणी सगळीकडून चिकटतं. अर्ध्या तासात काम होतं. घाई असेल तर मूठभर मीठ टाका.

जानेवारीत बाल्कनीचा फ्रिज करायची आपल्या लोकांना सवय असते. रात्री उणे तापमान जाणार असेल तर ही बाटली बाहेर ठेवू नका. अल्कोहोल नसल्यामुळे ती वाईनच्या आधी गोठते, आणि आत दाब असलेली काच फुटते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरणं त्याहून वाईट.

उघडताना बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून आणि दिव्यांपासून दूर. तारेचा पीळ सहा अर्धे वेढे फिरवला की सुटतो. तेव्हापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. वर रुमाल, एका हातात बूच घट्ट, दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. बूच हळूच सुस्कारा टाकत निघालं पाहिजे. उडवून टाळ्या मिळतात, पण वायू वाया जातो आणि कुणाच्या डोळ्याला लागलं तर आयुष्यभराचं दुखणं.

पेला: बशीसारखा पसरट नको. अगदी अरुंद नळीसारखा दिसतो छान, पण त्यात नाक पोचत नाही. पोटात जरा फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा घ्या, कारण इथे वास आधीच कमी आहे, आहे तेवढा एका जागी जमू द्या. पेले गरम पाण्याने खळखळून धुवा. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो. सुती फडक्याने पुसले तर चांगलंच. रॅंस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर या भौतिकशास्त्रज्ञाने आयुष्य बुडबुड्यांच्या अभ्यासात घालवलंय. त्यांनी दाखवलं की बुडबुड्यांच्या त्या माळा पेल्याला चिकटलेल्या बारीक तंतूंपासून सुरू होतात. आणि २०१० च्या त्यांच्या गटाच्या प्रयोगात, बिअरसारखं पेला तिरका धरून काठावरून ओतलं तर वायू जास्त टिकतो, असं निघालं.

आणि पेले आधी भरून ठेवू नका. पाहुणा दारात आला की ओता.

हिमशिखर
बुडबुड्यांवरून आठवलं. उंचावरच्या ट्रेकला डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनची गोळी) घेता ना, त्या दिवसांत सोडा किंवा बिअर पिऊन बघा, फसफस जाणवतच नाही, बेचव लागतं. गिर्यारोहकांना हे खूप वर्षांपासून माहीत आहे. आपल्या जिभेवरचं एक विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडचं आम्लात रूपांतर करतं, आणि डायमॉक्स नेमकं तेच विकर रोखतं. म्हणजे तो चटका बुडबुडे फुटल्याचा नसून बराचसा या आम्लाचा असतो. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून जिभेवरचा हा मार्ग सापडला.

चकलीवाला
हिमशिखर, डायमॉक्सवर असताना बिअर?? आधी खाली उतरा, मग बोलू.

हिमशिखर
सोडाच होता हो! :)

रसायनी
हिमशिखरच्या मुद्द्यातून खाण्याचं उत्तर निघतं. हा चटका आणि मिरचीचा तिखटपणा दोन्ही वेदनेच्या मज्जातंतूंवरून जातात, एकावर एक चढतात. म्हणून झणझणीत ठेच्याबरोबर कोरडी फसफसणारी बाटली म्हणजे तोंडात आग. तळलेलं आणि खारट मात्र उत्तम जमतं, आंबटपणा आणि बुडबुडे तेलाचा थर कापतात. कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा, शेव, सगळं चालेल. बटाटेवड्यात मिरची हलकी ठेवा आणि लसणाची चटणी जेवणापर्यंत लपवा. तिखट करायचंच असेल तर मीराताई टाळतात ती जरा गोड बाटली घ्या, गोडी तिखट शमवते.

मीरा_म्युनिक
मान्य, वड्यांबरोबर गोड चालेल. पण नुसत्या पेल्याला नाहीच.

सायंकाळ
फार गोड वाटली तर अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडू अर्काचे) दोन-तीन थेंब टाका. कडवटपणा येतो आणि पेय एकदम मोठ्यांचं वाटतं.

ओपीडी
सायंकाळ, बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. थेंबाने फरक पडत नसला, तरी पाहुण्यांना 'यात अल्कोहोल नाही' असं सांगून ते घालता येणार नाही.

कोकमसार
त्यापेक्षा कोकमाचं आगळ, म्हणजे मिठातला दाट रस. पेल्याच्या तळाशी अर्धा चमचा, वरून कोरडी झेक्ट. आंबट, किंचित खारट, तुरट, आणि रंग असा की जर्मन पाहुणे विचारत येतील. आगळात मीठ असतं, म्हणून आधी एका पेल्यावर बघा. निवृत्त_डोंबिवली काकांचा आग्रहही पुरा होईल.

निवृत्त_डोंबिवली
हे झकास! माझा विरोध मागे.

ऱ्हाइनकाठ
सगळ्यांचं वाचून शनिवारी घरी मैत्रिणींना बोलावलं आणि चाखण्याचा कार्यक्रमच केला. बाटल्यांना ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला, म्हणजे नाव आणि किंमत बघून मत बनू नये. मध्ये साधा पाव आणि पाणी. आधी वास, मग घोट तोंडात फिरवून गिळायचा, मग तोंडाला पाणी सुटतं का (द्राक्षबाग, हे सगळ्यांना पटलं). शेवटी मी एक कसोटी वाढवली: प्रत्येक पेल्यात थोडी ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाखायची. समारंभात भाषण लांबतं, तेव्हा पेल्यातली कोमट होणारच.

ही कसोटी फार उपयोगी ठरली. थंड असताना सगळ्यांना आवडलेली एक गुलाबी बाटली कोमट झाल्यावर शिजवलेल्या सफरचंदासारखी लागली. आणि पहिल्या घोटाला जरा कडक वाटलेली रीसलिंग शेवटपर्यंत तशीच ताजी राहिली, लिंबाच्या सालीसारखा वास. तीच ठरली, ०.० वाली आहे, साखर १०० मिलीला ४ ग्रॅमच्या आत. आगळ घालून चाखली तेव्हा सासूबाईंनी पेला परत पुढे केला.

आता नवी_सकाळ यांनी सुचवलेलं दुसरं पेय. कोकम तर झेक्टमध्येच जातंय, मग तिथे वेगळं काय ठेवू?

मीरा_म्युनिक
चहा! कोपनहेगनच्या एका सोमेलियेने (हॉटेलातल्या वाईनच्या जाणकाराने) २०१७ मध्ये फसफसणारा चहा बाटलीत आणला, त्यात शून्य अल्कोहोलवालाही आहे. चहाच्या तुरटपणाने तोंड भरल्यासारखं वाटतं, साखरेचा आधार कमी लागतो. एकूण या प्रकारात आता मोठी घराणी उतरलीत. बिनअल्कोहोलची फसफसणारी वाईन बनवणाऱ्या फ्रान्सच्या फ्रेंच ब्लूममध्ये २०२४ ला मोएत हेनेसी या शॅम्पेनवाल्या बड्या कंपनीने हिस्सा घेतला, म्हणजे बघ.

नवी_सकाळ
चहा चालेल, पण बाटली आणि बूच तेच झालं ना. आलं-लिंबाचं सरबत काचेच्या जारमध्ये, वर पुदिना. मी तरी तोच पेला उचलेन.

ऱ्हाइनकाठ
ठरलं. आलं-लिंबू. चहाची बाटली घरी आम्हा दोघांसाठी आणते.

पेला_अर्धा_भरलेला
बाटल्यांचा हिशेब राहिला. इथे झेक्टचा पेला साधारण १०० मिलीचा असतो, पाऊण लिटरच्या बाटलीत सात बसतात. चाळीस माणसांना एकेक पेला म्हणजे सहा बाटल्या. निम्मे लोक दुसऱ्यांदा घेतील, म्हणून नऊ, आणि वर एक. दहा आणा. जास्त आणून साठवू नका, ही वाईन मुरत नाही. तारखेच्या आत ताजी असतानाच प्यावी.

आईपण
उघडलेली उरली तर? चांदीचा चमचा तोंडात अडकवून ठेवतात म्हणे.

पेला_अर्धा_भरलेला
चमच्याने काही होत नाही. फसफसणाऱ्या बाटलीचं चिमट्याचं बूच मिळतं ते लावा आणि लगेच फ्रिजमध्ये, उभी. अल्कोहोल नाही म्हणजे टिकवणारं फारसं काही नाही, दुसऱ्या दिवशी संपवा. बुडबुडे गेलेच तर बर्फाच्या साच्यात ओतून खडे करा, सरबतात घालायला. किंवा नासपती सोलून त्यातच मंद आचेवर शिजवा, दोन लवंगा टाकून. साखर वेगळी घालू नका.